मार्चमधला सायनस

माझ्या नवऱ्याला सायनसचा त्रास फक्त मार्च महिन्यात होतो, आणि तोही माझ्या माहेरी गेल्यावरच होतो, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. संशय घेण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. दूधवाल्याच्या मापापासून मंगल कार्यालयातल्या श्रीखंडापर्यंत मी कशावरच पटकन विश्वास ठेवत नाही. मग स्वतःच्या नवऱ्याच्या नाकावर का ठेवावा?

आम्ही वाईला राहतो. माहेर कवठे महांकाळजवळच्या एका खेड्यात, द्राक्षांच्या भागात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ फौजेत, त्याची सुट्टी कधी हंगामात पडत नाही. त्यामुळे बेदाण्याच्या दिवसांत माझे वडील, आबा, एकटेच शेडवर मुक्काम टाकतात. शेड म्हणजे वर पत्रा आणि आत जाळ्यांचे मजले. त्यावर द्राक्षं पसरायची, वाळवायची, झाडायची, निवडायची. शेडला लागूनच आबांची खोली आहे. मार्च आला की त्यांचा फोन येतो, "बाय, ये की गं चार दिस." मी जाते. माझ्याबरोबर नवऱ्यानंही मनापासून यावं, एवढीच माझी इच्छा. आबा थकत चाललेत. उद्या त्यांच्याच्यानं झालं नाही तर हा माणूस माझ्या पाठीशी उभा राहील की नाही, ते मला कळायला हवं होतं.

हे यायचे. पहिला दिवस बरा जायचा. दुसऱ्या दिवशी कपाळाला हात. डोळ्यांच्या वर ठणकतंय, गाल जड झालेत, खाली वाकवत नाही. आणि शेडमधलं काम तर सगळं वाकूनच करायचं. तिसऱ्या दिवशी आपल्या दुकानाचं निमित्त काढून वाईची एस.टी. गाठायची, आणि वाईला पोचल्यावर फोन, "आता बरं वाटतंय." माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल. दिवाळीला तेच गाव, तेच आबा, तोच पाहुणचार असायचा. तेव्हा नाकाचं नावसुद्धा निघायचं नाही. दिवाळीत काम नसतं, नवे कपडे असतात. मी काय समजायचं?

त्यात भर म्हणजे आबांशी यांची चालणारी फोनवरची कुजबुज. मी खोलीत आले की, "बरं मामा, ठेवतो," म्हणून फोन बंद. गेल्या पावसाळ्यात दोघं मिळून सांगलीला जाऊन आले. पंपाची मोटर दाखवायला नेली म्हणाले. मोटर न्यायला जावई वाईहून कशाला लागतो? कुठंतरी पाणी मुरत होतं. जमिनीचं काही चाललं असणार असं मी धरून चालले, आणि भावाला फोन करून तसं बोलूनही दाखवलं.

औषधपाणी मात्र मी कधी टाळलं नाही. उलट जरा जास्तच केलं, कारण औषधानं सोंग उघडं पडतं अशी माझी समजूत होती. सुंठ उगाळून कपाळावर जाडसर लेप घालायचे. सुंठेची आग खोट्या दुखण्याला सोसत नाही. हे डोळ्यांतून पाणी गाळत गप्प पडून राहायचे. मी मनात म्हणायचे, काय चिवट नट आहे. तव्यावर ओवा भाजून फडक्यात बांधायचा आणि ती पुरचुंडी हुंगायला द्यायची. कोमट पाण्यात मीठ घालून नाक धुवायला लावायचं. रात्री नाकात तुपाचे थेंब. निलगिरीच्या तेलाची वाफ तर रोजचीच, आणि ते तेल अस्सल आहे का याचीही मला वेगळी शंका. यांनी कशालाही नाही म्हटलं नाही. आबांचा स्वतःचा उपाय निराळा. हळकुंड तुपात बुडवून निखाऱ्यावर धरायचं आणि धूर नाकानं ओढायचा. "वढा पाव्हणं, आत पतोर जाऊ द्या," म्हणत ते समोर बसायचे. आणि मग स्वतःही ओढायचे. सोबत म्हणून ओढत असतील असं मला वाटायचं.

यंदा मी यांना सरळ सांगितलं, पूर्ण आठवडा राहणार असाल तर चला, नाहीतर येऊच नका. हे आले. पहिल्या दिवशी जाळ्या झाडल्या, चाळण केली, मजुरांबरोबर बसून भाकरी खाल्ली. मला बरं वाटलं आणि लगेच शंका आली की इतकं बरं कसं चाललंय. त्या संध्याकाळी आबांनी वाळत आलेल्या मालाला गंधकाची धुरी दिली. ती दिली की बेदाण्याला पिवळा उजळ रंग येतो आणि बाजारात तो उठून दिसतो. चारी बाजूंनी ताडपत्री सोडायची आणि आत गंधक पेटवायचं. हे काही नवीन नव्हतं, लहानपणापासून बघतेय. सकाळी हे कपाळ धरून बसले.

पाणी उकळून दिलं, गॅसवर दूध ठेवलं, अंगावर चादर टाकली आणि बाहेर कपडे वाळत घालायला गेले. परत येताना दारातच करपल्याचा वास आला. आत गॅसवर दूध आटून पातेलं काळं पडलं होतं, धूर निघायला लागला होता. हे चादरीखाली वाफ घेत होते, ते एक वेळ ठीक. पण आबा शेगडीपासून हाताच्या अंतरावर, तिकडे पाठ करून सुपारी कातरत बसले होते. मी गॅस बंद केला, तेव्हा त्यांनी मान वळवून विचारलं, "काय झालं गं?"

मी दोघांकडे बघत उभी राहिले. सोंग घेणारा माणूस दूध करपल्याबरोबर चादर फेकून ओरडला असता. यांना खरंच काही कळलं नव्हतं. आणि आबांना तर सायनस नव्हता.

दूध आणायला गावात जायचं निमित्त करून मी यांना बरोबर घेतलं. चालत चालत ओढा ओलांडला, गावातल्या देवळाच्या पारावर बसलो. अर्ध्या तासात यांनी नाक शिंकरलं आणि मोकळा श्वास घेतला. मी यांच्याकडेच बघत होते.

"गंधकानं होतं का?" मी विचारलं.

"हो."

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या वर्षापासून. दिवाळीला धुरी नसते, तेव्हा काही होत नाही."

"मग बोलायला काय झालं होतं?"

हे थोडं हसले. "सासऱ्याच्या शेडला नाव ठेवू? आणि तुला सांगितलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

खरंच, काय म्हणाले असते मी? माझ्या माहेरच्या हवेलाही नावं ठेवायला लागले, असंच म्हणाले असते. मला राग आला, यांचा नाही, त्या सगळ्या सुंठेचा.

"आणि आबा?" मी विचारलं.

यांनी पारावरची माती बोटानं सारखी केली. "मामांचं नाक कधीच गेलंय. वास अजिबात येत नाही त्यांना. माझा त्रास बघून त्यांनीच एकदा विचारलं, पाव्हणं, तुमचं वाफंनं उघडतं का. माझं उघडतं. त्यांचं उघडत नाही. सांगलीला मोटर नव्हती नेली, नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. ते म्हणाले, धुरापासून लांब राहा, गेलेला वास परत येईल याचा भरवसा नाही. फोनवर मी तेच विचारत असतो, फडकं बांधता का, लांब उभे राहता का. तुला सांगू नका म्हणाले. तू शेड बंद करायला लावशील. आणि बाजारात कळलं तर त्यांच्या मालाला कोण हात लावणार? बेदाण्यात गंधकाचा वास राहिला तर व्यापारी घेत नाही. तो राहिलाय की गेलाय, हे त्यांना कळतच नाही."

"मग इतकी वर्षं माल जातोय कसा?"

उत्तर मला यांच्याआधी सापडलं.

दर वर्षी ताडपत्री काढली की आबा पहिली मूठ माझ्यासमोर धरतात. "घे बाय, खा." मजुरांच्या आधी, कुणाच्याही आधी. मी एखाद्या वर्षी "आबा, जरा वास मारतोय," असं म्हटलं की ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे मग, लागू दे वारं." आणि माल आणखी दोन दिवस उघडा पडायचा. भावाला कधी अशी मूठ मिळाली नाही, हे मी वाईत किती जणींना सांगितलंय. सगळ्या जगावर संशय घेतला, त्या मुठीवर तेवढा कधी घेतला नव्हता. पारावर बसून मला रडू आलं. चार दिस ये, चार दिस ये, असे ते फोन. ते माझ्यासाठी होते की माझ्या नाकासाठी?

दुसऱ्या दिवशी आबांनी शेड उघडली. मजूर तोंडाला फडकी बांधून लांब उभे होते. यांनी आपला रुमाल आबांच्या नाकातोंडावर बांधला, आणि आबांनी तो बांधू दिला. मग मूठ भरून ते माझ्याकडे आले.

"घे बाय. खा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्या नाकाकडे बघत होते. इतकी वर्षं ते तिकडेच बघत असणार. मी मूठ नाकाशी नेली, उघड उघड हुंगली आणि म्हणाले, "वास राहिलाय, आबा."

"लय?"

"लय."

त्यांनी एकदा जावयाकडे पाहिलं. मग सगळं समजल्यासारखी मान हलवली आणि मजुरांना माल पसरून ठेवायला सांगितलं. डॉक्टरबद्दल, शेडबद्दल मी तिथेच बोलायला लागले. पुढच्या वर्षी धुरी दुसऱ्या कुणाकडून द्यायची, तुम्ही ओढ्याअलीकडे पाऊल टाकायचं नाही, जमलं नाही तर हे येतील. हे "येईन" म्हणाले, नाक चोंदलेल्या आवाजात. आबा खोलीत गेले.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात डब्यातला बेदाणा होता, धुरी न दिलेला, काळपट, घरी खायला बाजूला ठेवतात तो. मूठ माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "ही हुंगू नगंस. ही खा."

मी सवयीनं आधी हुंगलीच. नुसत्या द्राक्षाचा वास होता. मग खाल्ली.