तू नसताना लिहिलेलं

वसाहतीत तिला हॅलोबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला दुसरं काय नाव पडणार? निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दारावरची बेल वाजली की आधी तिच्या तोंडून "बोला" निघायचं आणि मग ती कडी काढायची. हेडफोनच्या पट्टीने केसांत पडलेली आडवी खाच मात्र हळूहळू बुजली होती.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या बाईंनी तिला बजावलं होतं, की कानावर पडेल ते कानातच ठेवायचं आणि दोघांच्या बोलण्यात आपण तोंड घालायचं नाही. तिने ते इतकं मनावर घेतलं की घरीही तीच सवय लागली. तसंही घरात बोलण्याचं खातं धाकट्या बहिणीकडे होतं. धाकटी डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत बोलायची. ताईने तिचं नावच बडबडी ठेवलं होतं. लग्न होऊन ती समुद्रापलीकडे गेली, पण दर रविवारी तिचा फोन यायचा. तासभर तीच बोलायची आणि इकडून ताईचं "हं". मध्येच थांबून धाकटी विचारायची, की ताई, तूच आहेस ना, की दुसऱ्या कुणाला लाईनवर बसवून भाजी आणायला गेलीस?

दीड वर्षापूर्वी धाकटीच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्रच काढून टाकलं. त्यानंतर फोनचा काही उपयोग उरला नाही. मग आईच्या सांगण्यावरून धाकटीचा मुलगा आला, चार दिवस राहिला आणि मावशीच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून गेला. इंटरनेट कसं जोडायचं, चॅटिंगची खिडकी कशी उघडायची, इंग्रजी अक्षरांत मराठी कसं लिहायचं, हे सगळं त्याने एका कागदावर क्रमाने लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं. नेट जोडताना टेलिफोनच्या तारेतून जी किंचाळी यायची, ती हॅलोबाई कान देऊन ऐकायची. लाईनवर खरखर आहे की नाही, एवढं तिला त्यातून कळायचं.

धाकटीचा स्वभाव मात्र लिहिण्यातही तोच होता. आता नवऱ्याला उलट उत्तर द्यायचं तर आधी वही शोधावी लागते, असं तिने कळवलं होतं, आणि वही सापडेपर्यंत हे खोलीबाहेर.

मग एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. धाकटीने लिहिलं, की गाठ पुन्हा आली आहे. बुधवारी दुपारी दवाखान्यात भरती व्हायचं, गुरुवारी ऑपरेशन. नंतर काही दिवस गुंगीतच ठेवतील. या खेपेला डॉक्टर फारसं काही बोलत नाहीत. हे तिने शनिवारी कळवलं आणि रविवारी हॅलोबाईचा कॉम्प्युटर बिघडला.

नेट जोडलं की दोन-तीन मिनिटांत पडद्यावर एक करडी पेटी यायची. त्यात साठपासून उलटे आकडे सुरू व्हायचे आणि शून्य आलं की मशीन आपोआप बंद. आपलीच काहीतरी चूक होत असेल असं वाटून तिने सात वेळा चालू केलं. सातही वेळा तेच. शेवटी तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. हा पन्नाशीचा गृहस्थ पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. तो म्हणाला, शहरभर हीच साथ आलीय, नेटवरून शिरणारा किडा आहे. तार काढून ठेवली तर तो काहीच करत नाही.

"तार काढली तर मी बहिणीशी बोलू कशी?"

"तीच तर गोम आहे, बाई."

त्याच्याकडे तीस मशीनं रांगेत होती. बुधवारच्या आधी येणं जमणार नव्हतं.

सोमवारी तिने काय लिहायचं ते आधी कागदावर काढलं आणि मगच नेट जोडलं. पण बोटं जुनी आणि अक्षरं परकी. "कशी आहेस, झोप लागली का" एवढं होईतो पेटी आली. तीन मिनिटांच्या ट्रंक कॉलवर लोक मोलाचा वेळ "ऐकू येतंय का, आवाज येतोय का" करण्यात घालवायचे, तेव्हा ती मनात हसायची. आता तिचंही तेच होत होतं.

एक गोष्ट मात्र तिला याच दिवसांत समजली. तिचं मशीन बंद पडल्यावर धाकटी जे लिही, ते वाया जात नसे. ते कुठेतरी साठून राही आणि हिने पुन्हा नेट जोडलं की सगळं एकदम पडद्यावर उतरे. सोमवारी उतरलं ते साधंच होतं. गेलीस वाटतं, बरं, मी बॅग भरते, गाऊन एकच घेऊ की दोन. मंगळवारी मात्र हे आलं:

"गेलीस ना? बरं झालं. ताई, मला भीती वाटते. ह्यांना सांगता येत नाही, रडायलाच लागतात. मुलाचं तर विचारूच नकोस. तुला सांगितलं तर तू हं म्हणशील."

हॅलोबाईने ते दोनदा वाचलं. तेवढ्यात पेटी आली. तिने घाईघाईने लिहिलं, सांग, मी हं म्हणणार नाही. ते गेलं की नाही, हे कळायच्या आत पडदा काळा झाला.

एकतीस वर्षांत तिने किती परक्या माणसांचं रडणं ऐकलं होतं, त्याला हिशेब नव्हता. त्यातल्या एकालाही ती कधी काही बोलली नव्हती. बोलायचं नाही, याचाच पगार होता.

बुधवारी दुपारी दुरुस्तीवाला सीडी घेऊन आला. अर्धा तास खुडबुड केली आणि समाधानाने म्हणाला, "मेला, बाई."

"तुम्हाला दिसला?"

"दिसत नाही हो. मेल्यावर हे असं लिहून येतं."

आता बहिणीशी दिवसभर गप्पा मारा, असं सांगून तो गेला. तिने नेट जोडलं. दहा मिनिटं झाली, पेटी आली नाही. पलीकडे सकाळ होती. धाकटी खिडकीत हजर होती आणि निघायला तीन तास होते. कागदाची गरज नव्हती. तिने सरळ विचारलं, कसली भीती वाटते ते सांग.

पलीकडून लिहिणं चालू आहे, असं खाली दिसत होतं. ते थांबलं. पुन्हा सुरू झालं. मग आलं, छे गं, मी आपलं सहज लिहिलं. जेवलीस का?

जेवले, आता सांग, असं ताईने लिहिलं. गाऊन दोन घेतलेत, धाकटीने लिहिलं, एक निळा, एक भिकार. ताईने पुन्हा विचारलं, तेव्हा उत्तर आलं.

"ताई, ते तू नसताना लिहिलं होतं. तू समोर बसून विचारायला लागलीस की नाही लिहिता येत. फोनवर तू गप्प असायचीस, म्हणून तर मी एवढी बोलायचे."

हॅलोबाईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग तिने लिहिलं, "पेटी आली. बंद होतंय. तू लिही." पडद्यावर पेटी वगैरे काही नव्हती. तिने स्वतःच नेट तोडलं.

तिने एक कप होता तो विसळला. समोरच्या इमारतीत एक बाई ओली चादर एकटीच वाळत घालत होती, दर वेळी एक टोक निसटत होतं. चादर नीट पसरून झाली तरी हॅलोबाई खिडकीतच उभी राहिली. अर्ध्या तासाने तिने पुन्हा नेट जोडलं. ओळी भराभरा उतरल्या.

"मरायची नाही गं भीती. जाग येण्याची वाटते. मागच्या वेळी जाग आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. मी हाक मारली. हाक घशापर्यंत आली आणि पुढे काहीच नव्हतं. किती वेळ तशीच पडून होते. तुलाच मारत होते हाक, ह्यांना नाही. त्यांना सांगू नकोस. आणि तू आली असतीस तरी काय केलं असतंस, उशाशी बसून राहिली असतीस. तेवढंच हवं होतं."

त्याखाली आणखी एक ओळ होती, नुकतीच आलेली.

"आलीस का? इतक्यात येऊ नकोस ताई. अजून लिहायचंय."

खाली पलीकडचं लिहिणं चालूच होतं. हॅलोबाईने "बडबडे" एवढं लिहिलं होतं. ते तिने एकेक अक्षर मागे जात पुसलं. नेट तोडलं, मोडेमवरचा दिवा विझला. खुर्ची मात्र तिने टेबलापासून हलवली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती तिथेच बसून राहिली.