वरच्या डेकवरचं जेवण

मुलाने आणि सुनेने मिळून आमचं क्रूझचं बुकिंग परस्पर करून टाकलं. आमचं म्हणजे चौघांचं: मी, माझा नवरा आणि सुनेचे आईवडील. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी दोन्ही घरच्या मोठ्या माणसांनी मिळून कधी काही केलं नाही, ही सुनेची तक्रार होती. मुंबईहून निघायचं, गोवा, मग लक्षद्वीप आणि परत. "आई, काही करायचं नाही. फक्त बसायचं आणि खायचं," मुलगा म्हणाला. मला हे वाक्य फार आवडलं. डोंबिवलीच्या आमच्या घरात माझ्या बाबतीत ते आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

त्याने जहाजाचा व्हिडिओ पाठवला होता. खालच्या मजल्यावर एक मोठी डायनिंग रूम होती. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, घड्या घातलेले नॅपकिन. वेटर खुर्ची मागे ओढून देतो, नॅपकिन मांडीवर पसरतो, मग सूप, मग सॅलड, मग जेवण, मग गोड असं एकेक आणून पुढ्यात ठेवतो. मी तो व्हिडिओ गवार मोडताना पाहिला आणि कपडे वाळत घालून आल्यावर पुन्हा पाहिला. जन्मभर मी वाढत आले. गणपतीत वाढलं, श्रावणात वाढलं, नोकरीवरून येऊन पदर खोचून वाढलं, आणि सगळ्यांचं झाल्यावर जे काय गार होऊन उरलं ते खाल्लं. आता कुणीतरी मला विचारणार होतं, मॅडम, आणखी काय आणू? मी दोन रेशमी साड्या बॅगेत टाकल्या. मोत्याच्या कुड्याही घेतल्या.

वरच्या डेकवर बुफे असतो, हेही व्हिडिओच्या शेवटी होतं. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. हातात ताट धरून रांगेत उभं राहायला समुद्रात कशाला जायचं? ते काय डोंबिवलीतल्या कुठल्याही हॉलमध्ये होतं.

नवऱ्याने एकच विचारलं. "तिथे सगळे एका टेबलावर बसतात का?"

प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं.

आदल्या वर्षी त्याला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. हात सुधारला, पाय सुधारला. बोलणं तर इतकं सुधारलं, की टीव्हीवर चर्चा करणाऱ्यांना तो पूर्वीसारखाच झापायला लागला. राहिलं ते गिळणं. लहान घास घ्यायचा, नीट चावायचा, हनुवटी खाली करून गिळायचा, थांबायचं, मग पुढचा. मध्ये बोलायचं नाही, बोललं की ठसका. एक पोळी, भाजी आणि वरणभात एवढ्याला तासभर लागतो.

आणि हा माणूस वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात उभी हयात घालवलेला. कँटीनमध्ये भोंगा व्हायच्या आत ताट चाटूनपुसून मोकळा. कारखाना सुटला तरी ती सवय सुटली नाही. पंगतीत सगळ्यात आधी याचं पान रिकामं व्हायचं. आमच्याकडे शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय कुणी पानावरून उठत नाही. त्यामुळे हा हात वाळवत बसायचा आणि मागे राहिलेल्याची यथेच्छ टिंगल करायचा.

आता मागे राहणारा तोच झाला. झटक्यानंतर एकदा त्याचे भाऊ-वहिनी जेवायला आले होते. सगळ्यांचं झालं, सगळ्यांचे हात वाळले, याचा अजून पहिला भातच चालू. कुणी काही बोललं नाही. ते न बोलणंच त्याला लागलं. तेव्हापासून चारचौघांत तो दोन-चार घास खाई, बाकीच्यांचं संपत आलं की ताटावर आडवा हात धरी आणि म्हणे, "माझं झालं." घरी परतल्यावर ओट्यापाशी दूधपोहे. लग्नमुंजींना तर आम्ही आहेर देऊन, न जेवता निघायला लागलो. वर मला सक्त ताकीद होती, कुणाला सांगायचं नाही. लोकांच्या लेखी तो ठणठणीत झाला होता आणि त्याला तसंच राहायचं होतं. हे सगळं बघताना माझा जीव तुटायचा. रागही यायचा. दोन्ही एकदमच यायचं, त्यामुळे मी बहुतेक वेळा भांडी आपटायचे.

आमचे व्याही कल्याण आणि डोंबिवलीच्या मधल्या एका जुन्या गावातले. तिथे त्यांची भातशेती होती. आता तिच्यावर इमारती आहेत आणि त्यांतल्याच एकीच्या वरच्या मजल्यावर ते राहतात. व्याही अबोल. ती कसर विहीणबाई भरून काढतात. त्यांच्या अंगावर सोनं पुष्कळ, मन मोकळं आणि आवाज त्याहून मोकळा. त्यांच्याकडे पाहुणा जेवला नाही तर तो घराचा अपमान. ते सगळे मासे खाणारे, आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. लग्न ठरताना आमच्या काही नातेवाइकांनी यावरून नाकं मुरडली होती, आणि ते त्यांच्या कानावर गेल्याशिवाय राहिलं नसणार.

पहिल्या रात्री आम्ही चौघं खाली जेवायला गेलो. माझी खुर्ची ओढली गेली, नॅपकिन मांडीवर आला. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघी उगाचच हसलो. टेबल सहा जणांचं होतं. उरलेल्या दोन खुर्च्यांवर नागपूरकडचं एक जोडपं होतं. सूप आलं. छान होतं. मग मला तिथली रीत कळली, जी व्हिडिओत कुठे दाखवली नव्हती. टेबलावरच्या शेवटच्या माणसाचं होईपर्यंत वेटर कुणाचाच बाउल उचलत नाही आणि पुढचं काही आणत नाही. म्हणजे ही आमचीच पंगत, फक्त खुर्च्यांवर चढलेली.

पाच बाउल रिकामे झाले होते, सहावा निम्मा भरलेला. वेटर मागे हात बांधून उभा. नागपूरचे गृहस्थ सभ्य होते, ते झुंबराकडे बघत बसले. नवऱ्याने चमचा खाली ठेवला. "माझं झालं." सॅलडला त्याने हातच लावला नाही. पनीरचे दोन तुकडे खाल्ले. विहीणबाई तळलेली सुरमई खात होत्या. त्यांनी हात थांबवून विचारलं, "भाऊ, काय झाला? जेवान बरा नाय लागला का?"

"भूकच नाही," तो म्हणाला.

भूक नसलेल्या या माणसाने केबिनमध्ये गेल्यावर माझ्या पिशवीतल्या दशम्या काढल्या. पलंगाच्या कडेवर, भिंतीकडे तोंड करून तो एकेक तुकडा चावत बसला. मला त्या वेटरचा राग आला, मुलाचा आला, सगळ्यात जास्त त्या व्हिडिओचा आला.

"उद्यापासून वर जेवायचं," मी म्हटलं.

"आणि तुझ्या साड्या?"

"साडी नेसून रांगेत उभं राहायला बंदी नाही."

वरच्या डेकवर कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. पोहून आलेली पोरं ओल्या केसांनी नूडल्स खात होती. एक आजोबा आधी आइसक्रीम आणि मग डोसा अशा उलट्या क्रमाने जेवत होते. कुणी येत होतं, कुणी अर्ध्यातून उठून दुसऱ्या काउंटरवर जात होतं. कुणाच्या जेवणासाठी कुणी अडून राहिलं नव्हतं. काचेशेजारी कोपऱ्यात दोघांचं टेबल मिळालं. तिथे त्याने मऊ खिचडी घेतली, कढी घेतली, दुधी भोपळ्याची भाजी घेतली आणि चांगला तासभर जेवला. मध्येच म्हणाला, "कढी बरी आहे." पुन्हा कढी घेतली. म्हणजे मी आणून दिली. जहाज असो की डोंबिवली, वाढपी मीच. रेशमी साडीवर कढीचा डाग पडला तो वेगळाच. पण झोपताना त्याने दशम्यांची आठवण काढली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ठरूनच गेलं. विहीणबाईंना मी सांगितलं, वर मोकळी हवा असते म्हणून तिथे जेवतो. त्या बरं म्हणाल्या. पुढच्या दिवशी मी सांगितलं, यांना खाली कोंदटल्यासारखं होतं. "एसी हाय ना तिकरं थंडगार," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मला धड खोटं बोलता येत नाही. बोलायची वेळ आली की मी जास्त बोलते.

शेवटच्या दिवशी दुपारी मी डेकवर एकटी बसले होते. विहीणबाई आल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. एरवी त्यांचा आवाज आधी येतो आणि त्या नंतर येतात. त्या दिवशी गुपचूप आल्या.

"ताई, एक विचारू? राग नका धरू."

"विचारा ना."

"आमी टेबलावर मच्छी खातो, म्हनून तुमी वर जाता ना जेवाला? मना पयल्या रातीच समजला. मंग परवा मी मच्छी घेतलीच नाय. काल पन नाय. पनीर खाल्ला. तरी तुमी नाय आले." त्यांनी हातातल्या बांगड्या मागे सारल्या. "पोरगी दिली आमी तुमच्या घरात. ती पन आमच्याच ताटात जेवून मोठी झाली."

मी हबकलेच. चारही बाजूंना समुद्र, आणि ही बाई आमच्यासाठी मासे सोडून पनीर चावत होती. नागपूरच्या जोडप्याबरोबर जेवताना आमच्या दोन रिकाम्या खुर्च्या बघत होती, आणि त्यांचा तिने लावलेला अर्थ आम्हा लोकांना ओळखून लावलेला होता. आमच्या नातेवाइकांनी मुरडलेली नाकं तिने दोन वर्षं मनात ठेवली होती. उद्या जहाज मुंबईला लागलं असतं आणि ती हे घेऊन घरी गेली असती. तिथून ते सुनेपर्यंत जायला वेळ लागला नसता.

नवऱ्याने सांगू नको म्हटलं होतं. त्याला न विचारता मी सांगून टाकलं. झटक्यानंतर अवघड झालेलं गिळणं, ठसका, ताटावर आडवा धरलेला हात, ओट्यापाशी उभ्याने खाल्लेले दूधपोहे, सगळं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता त्या हळहळतील. त्या चिडल्या.

"येवढी गोष्ट लपवाची? आमी काय परकी मानसं हाव? आन मी दोन दिस पनीर चावत बसले!"

"त्यांच्यासमोर काही बोलू नका," मी म्हटलं. "त्यांना फार लागतं."

त्यावर त्या काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे काळजीचं लक्षण असतं.

त्या रात्री आम्ही वरच्या डेकवर नुकतेच बसलो होतो, तेवढ्यात व्याही आणि विहीणबाई ताटं घेऊन आले. विहीणबाईंच्या ताटात तळलेल्या माशांची रास होती. दोन दिवसांची भरपाई. व्याह्यांनी शेजारचं टेबल ओढून आमच्या टेबलाला लावलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगून बसले हे त्याला त्या क्षणी कळलं. घास तोंडात होता म्हणून तो काही बोलला नाही. पण मान खाली घालून त्याने ताट जरा स्वतःकडे ओढून घेतलं, आणि मला वाटलं, संपलं. आता हा दोन घास खाईल आणि उठेल. एवढं करून मी त्याचं हेही जेवण घालवलं.

व्याह्यांचं झालं. माझं झालं. विहीणबाईंचंही झालं. काटे बाजूला सारून त्या उजवा हात ताटावर तसाच धरून बसल्या. उठल्या नाहीत. नवऱ्याच्या ताटाकडे त्यांनी चुकूनही पाहिलं नाही. आंबिवलीच्या त्यांच्या एका नणंदेने शेजारणीशी बांधावरच्या आंब्यावरून कसं भांडण केलं, ते मला सांगायला लागल्या. आंबा कापला गेला, बांध गेला, दोघींच्या जमिनीवर इमारती झाल्या, तरी अजून त्या दोघी बोलत नाहीत. गोष्ट संपली तर त्यांनी दुसऱ्या नणंदेची सुरू केली. व्याही बसल्याजागी पेंगले. डेक रिकामा होत चालला होता. पोरं कधीच झोपायला गेली होती. काउंटरवरची भांडी एकेक करून झाकायला सुरुवात झाली होती. माझं गोष्टीत लक्ष नव्हतं. मी नवऱ्याचा हात बघत होते.

त्याने चमचा खाली ठेवला. तोंडातला घास त्याने हनुवटी खाली करून गिळला, थांबला, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा थांबला. हे होईपर्यंत विहीणबाईही बोलायच्या थांबल्या.

"विहीणबाई," तो म्हणाला, "तुमचे हात वाळले. पण मला आणखी थोडा भात लागेल. वेळ जाईल. बसाल ना?"

झटका आल्यापासून त्याने कुणालाही स्वतःसाठी थांबायला सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही. विहीणबाईंनी काय उत्तर दिलं ते मी नीट ऐकलं नाही, कारण मला रडू फुटलं होतं आणि पलीकडे काउंटरवरचा माणूस भाताच्या भांड्यावर झाकण ठेवत होता. मी ताटली घेतली, निऱ्या वर धरल्या आणि त्याला थांबवायला अक्षरशः धावत सुटले.