मशीनवर काहीही सेव्ह करू नये

सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या एका गावात माझा कंप्युटर क्लास होता. दोन हजारनंतरची चारपाच वर्षं. चपला दाराबाहेर काढायच्या, आणि भिंतीवर माझ्याच हातची पाटी: ‘मशीनवर काहीही सेव्ह करू नये.’ व्हायरसची मला अशी धास्ती, की मेलवर आलेली फाइल मी ब्राउझरच्या खिडकीतच उघडायचे आणि तिथूनच छापायचे.

कॅनॉलच्या पाण्याची पाळी कुणाची कधी, ती यादी पाटबंधारे ऑफिसातून मेलवर यायची आणि ती छापायचं काम माझ्याकडे होतं. नावं चारीच्या, म्हणजे कॅनॉलमधून शेतांकडे निघणाऱ्या पाटाच्या, तोंडापासून टोकापर्यंत, अगदी टोकाला तांड्याची रानं. त्या साली पहिल्यांदाच ठरलं, की पाणी आधी टोकाला. यादीत एक बटण होतं, त्यामागं मॅक्रो, म्हणजे त्या फाइलमध्येच लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. बटण दाबलं की सगळी यादी उलटी व्हायची.

पहिल्या पाळीला बटण दाबलं तर एरर. पुन्हा दाबलं, पुन्हा एरर. माझं डोकं फिरलं. मरू दे तिकडं, म्हणून यादी होती तशीच छापून दिली. पाणी तांड्यापर्यंत पोचलंच नाही.

दुसऱ्या पाळीच्या आदल्या दुपारी तांड्यावरची एक मावशी आली, चपला काढून बाकावर बसली.

“काय काम काढलं मावशी?”

“काम न्हाई. बसते जराशी. निम्मा भुईमूग वाळला, बाई. आता पाणी न्हाई आलं तर उरलेला बी जातो.”

मी बटण दाबलं. एरर. म्हणे फाइल सापडत नाही. अरे बाबा, तिच्याच तर पोटात बसलास तू! पंखा गरगरत होता, उन्हानं पत्रा तडतडत होता. माझा डोळा लागला असावा. पडद्यावरच्या ओळींचे वाफे झाले, पहिल्या वाफ्यात पाणी शिरलं, झुळझुळ खाली आलं, आणि मधेच कुठंतरी जिरून गेलं. खालचे वाफे कोरडेच.

दचकून जागी झाले. नजर पडद्याच्या माथ्यावर गेली. तिथं नाव ब्राउझरचं होतं, फाइलचं नव्हतंच! मॅक्रो फाइलला नावानं हाका मारत होता, आणि त्या खिडकीत त्या नावाचं कुणी नव्हतं. फाइल मशीनवर उतरवायला हवी होती.

मी पाटीकडे पाहिलं. गेली खड्ड्यात ती पाटी! फाइल सेव्ह केली, ब्राउझरबाहेर उघडली, बटण दाबलं. नावं सरसर उलटली आणि तांडा सगळ्यांच्या वर आला.

कागद मावशीच्या हातात देताना मला राहवेना. लाज वाटत होती.

“मावशी, मागच्या टायमाला तुमचं पाणी माझ्यामुळं चुकलं.”

“ठाऊक हाय मला,” ती चपला घालत म्हणाली. “म्हणून तर येऊन बसले.”

त्या पाळीला पाणी टोकापर्यंत पोचलं, उरलेला भुईमूग वाचला. वाळलेल्या निम्म्याबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.