कावीळ पायाकडे उतरली तेव्हा

आमच्या घरात एकाच आठवड्यात दोन सोहळे आले, त्याची ही गोष्ट. सांगायला बसले की आजही माझा आवाज चढतो, शेजारीण भिंतीपलीकडून विचारते की काय झालं.

आमचं घर कर्जत-खोपोली रस्त्यापासून जरा आत. नातवाचं लग्न ठरलं होतं, नवरी खोपोलीची. त्याची थोरली बहीण, म्हणजे माझी नात, शेलूला दिलेली. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आधी लग्न उरकेल, मग निवांत बाळ येईल असं आम्ही धरून चाललो होतो. पण बाळाला कुठला धीर. दिवस भरायच्या जरा आधीच आली, मामाच्या लग्नाला हजर. मुलगी. मी पणजी झाले हो, आणि पेढे मांडवाच्या बांबूंबरोबर एकाच टेंपोतून आले.

लेकीच्या बाळाचं सोयर माहेरी तीनच दिवस धरतात, निदान आमच्याकडे तरी, त्यामुळे लग्न पुढे ढकलायचं कारण उरलं नाही. दवाखान्यातून माय-लेकी घरी आल्या आणि दुसऱ्याच संध्याकाळी नवऱ्याला हळद. आमच्याकडची हळद तुम्ही पाहिली असेल तर जास्त सांगायला नको. दारात ब्यांजो, अंगणात बाया नाचतायत, नवऱ्याला लावून उरलेली हळद एकमेकींच्या गालांना. आणि नाचून दमलेली प्रत्येक जण आत येणार ती बाळ बघायला. मी दारात बसून हात धुवायला सांगत होते, पण सगळ्या पोरी कुठल्या ऐकतात. एकीने गाल धरला, दुसरीने पाय धरले, आणि आमच्या पणतीला मामाच्या पाठोपाठ हळद लागली. सून, म्हणजे नवऱ्याची आणि नातीची आई, म्हणाली, "आता हिलापण मुंडावळ्या बांधा." आम्ही पोट धरून हसलो. बाळ झोपलेलंच होतं. एवढ्या ब्यांजोत झोपते म्हणजे किती गुणाची, असं सगळ्यांनी कौतुक केलं.

सकाळी नात मला हाक मारायला आली. तिचा चेहरा बघूनच मी हातातला चहा खाली ठेवला.

"आजी, ही दूध ओढत नाय गं. तोंडात घेते आन झोपते. आन पिवळी दिसते."

सून तिथेच होती. ती म्हणाली पिवळी नाही दिसणार तर काय, रात्री अर्ध्या गावाने हळद फासलीय. तिने तेलाचा बोळा घेऊन बाळाचा गाल पुसला, आणि बोळा पिवळाधमक. झालं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पाहुण्या बाया हसल्या, कोणी म्हणालं हळदीने कांती सुधारते. पण माझी नात लहानपणापासून अशी, की दार लावलं तरी परत ओढून बघणार. तिने दुसरा कापूस घेतला, पुन्हा पुसलं. या वेळी कापूस पांढराच राहिला आणि बाळ मात्र पिवळंच.

बरं, खोलीत उजेड कमी म्हणून आम्ही बाळाला मांडवात आणलं, तर मांडवाचं कापड पिवळं. त्याच्याखाली मी पिवळी, सून पिवळी, जेवणाच्या टेबलांवरची चादरसुद्धा पिवळी. म्हणून मग घरामागे, फणसाच्या बाजूला उघड्यावर नेलं. नातीने बाळाच्या नाकावर बोट हलकं दाबून सोडलं, मग छातीवर, मग नडगीवर. बोट उचललं की खालची कातडी फिकी दिसायला हवी, ती हळकुंडासारखी दिसत होती. दवाखान्यातून सोडताना नर्सबाईंनी तिला हे करून दाखवलं होतं.

आता कावीळ म्हटल्यावर सगळ्यांना तोंड फुटलं. सुनेची मावशी आली होती, लग्नातली मानाची बाई. तिने बाळाचे पाय बघितले आणि आनंदाने सांगितलं, की परवा तिने पाहिलं तेव्हा फक्त तोंड पिवळं होतं, आता ती पायाकडे गेली, म्हणजे कावीळ उतरली. उतरली म्हणजे गेलीच समजा. तुम्हाला काविळीची माळ माहीत असेल. डोक्यावर ठेवतात, ती लांबत लांबत खाली येते, आणि माळ उतरली की कावीळ उतरली म्हणतात. आम्ही सगळ्या त्या माळा बघतच मोठ्या झालेल्या. त्यामुळे मावशीचं बोलणं ऐकून दोन-तीन बायांनी माना डोलावल्या. पळसदरीच्या पलीकडे एक माळवाला आहे, लग्न लागलं की संध्याकाळी त्याच्याकडून माळ आणू, तोवर उन्हात धरा आणि चमच्याने साखरपाणी पाजा, असंही ठरून गेलं. एकीने मोबाईलवर व्हिडिओसुद्धा लावला, त्यात कोणी बाई तेच सांगत होती.

नात सगळं ऐकून घेत होती. बाळंतीण बाई, पाय सुजलेले, डोळ्यांत पाणी. पण बोलली ती ठाम.

"मावशी, बाळाची कावीळ वरून खाली येते ती उतरत नाय, वाढत येते. पायापर्यंत पिवळं दिसलं, दूध ओढेना झालं, तर फोनपण करू नका, उचलून आणा, असं नर्सबाईंनी सांगितलंय. मी निघाले."

मावशी म्हणाली हळद लागलेल्या घरातून लग्नाच्या सकाळी दवाखान्याची वाट धरायची, हे काही शुभ नाही. तेवढ्यात नवरदेव बाहेर आला. अंगाला हळद, बनियनवर, दात घासायचा ब्रश हातात.

"लगीन दुपारी हाय, गं मावशे. दवाखाना आता हाय. गाडी न्या माझी."

गाडी म्हणजे कुठली, तर रात्रीच फुलांनी सजवून ठेवलेली. मागच्या काचेवर नवरा-नवरीची नावं, पुढे झेंडूचा हार. दुसरी गाडी पाहुण्यांना आणायला गेलेली. बसलो आम्ही. नातीच्या मांडीवर बाळ, शेजारी मी, आणि तिचा नवरा गाडी चालवायला. कर्जतकडे जाताना जो तो वाकून नवरी बघतोय आणि आत दिसतेय मी, डोक्याला फडकं बांधलेली. एका वळणावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. नात रडता रडता हसली, पण हात बाळाच्या छातीवरून काढला नाही. श्वास चाललाय ना, हे ती सारखं बघत होती. मी वाटभर बाळाच्या तळव्याला गुदगुल्या करत होते, जरा जागी राहील म्हणून, आणि ती डोळे किलकिले करून पुन्हा मिटायची.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बाळाला हात लावताच नर्सला रक्त घ्यायला सांगितलं. टाचेला टोचलं तेव्हा बाळ रडलं, पण आवाज बारीक, मांजराच्या पिलासारखा. काविळीचा आकडा वाढलेला निघाला. लगेच निळ्या दिव्याखाली ठेवली, अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पट्टी. डॉक्टरबाईंनी आम्हाला नीट समजावलं. थोडी पिवळी झाक पुष्कळ बाळांना येते आणि आपोआप जाते. पण बाळ दिवसांआधी आलेलं, सुस्त, दूध ओढेना आणि रंग पायांपर्यंत गेलेला, तर घरी वाट बघायची नसते. उन्हात धरणं हा त्यावरचा उपाय नाही, साखरपाणी तर अजिबात नको, आईचंच दूध सारखं द्यायचं. काढून वाटीचमच्याने द्यायला लागलं तरी चालेल. मी हळदीचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत.

"आजी, एवढ्या लहान बाळाला हळद नकोच. कातडीला त्रास होतो तो एक, आणि खरा रंग झाकला जातो."

माळेचं विचारलं तर म्हणाल्या, त्याने कावीळ जात नाही, आणि गळ्यात घातली तर फास बसायची भीती.

दुपारी तिकडे अक्षता पडल्या आणि इकडे आम्ही निळ्या उजेडासमोर. नातजावयाने फोन लावून लग्न दाखवलं, पण नातीने एकदा बघितलं आणि फोन परत दिला. तिने वाटीत दूध काढायचं, नर्सबाईंनी चमच्याने पाजायचं, मग पुन्हा दिवा. नर्सबाई दर वेळी म्हणायच्या, आधी छातीशी धरून बघा. धरायची, बाळ तोंड लावायचं आणि गळून पडायचं. दर वेळी नात माझ्याकडे बघायची, आणि मी काहीतरी बडबड करत राहायचे, माझ्याच बाळंतपणांच्या गोष्टी.

रात्र तशीच गेली. सकाळी पुन्हा रक्त घेतलं, आणि या वेळी टाचेला सुई लागताच बाळाने असा टाहो फोडला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. आकडा खाली आला होता. नर्सबाईंनी पट्टी काढली, बाळ नातीकडे दिलं. लाल झालेलं तोंड इकडेतिकडे वळवत बाळाने शोधलं, धरलं, आणि क्षणभर काहीच नाही. मग नातीने एकदम खांदे आकसून घेतले, ओठ चावला.

"आई गं," ती म्हणाली, "दुखतंय. आजी, ओढते गं ही."