काठावरचा तीळ

घरी निघण्याआधी हाशमभाई दिवसभरात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांतला शेवटचा पुठ्ठा दाराशी नेत आणि मावळतीच्या उजेडासमोर धरत. भोकांतून उजेड आरपार आला की स्वतःशीच मान हलवत. मागाच्या डोक्यावर फिरणारे हे पुठ्ठेच कापडावरची नक्षी ठरवतात. भोक असेल तिथं पांढरा धागा वर येतो, नसेल तिथं खाली दबून राहतो. भोक चुकून जास्त पडलंच, तर कागदाची गोल टिकली चिकटवून बुजवायचं.

हाशमभाई मात्र प्रत्येक नमुन्याच्या शेवटच्या पुठ्ठ्यात, अगदी काठाशी, एक भोक मुद्दाम जास्त पाडत. कापडावर तिथं मोहरीएवढा पांढरा ठिपका उमटे. कारखान्यात त्याला सगळे 'हाशमभाईंचा तीळ' म्हणत. हे नाव ठेवलं होतं सिद्धरामनं. तो नक्षी काढणारा. वीस वर्षं दोघं एका डब्यात जेवत होते.

एका प्रदर्शनासाठी भिंतीवर लावायचं रात्रीचं आकाश विणायचं काम आलं. सिद्धरामनं चौकटींच्या कागदावर प्रत्येक ताऱ्याला एकेक घर दिलं. हातभर नमुना विणून निघाला आणि हाशमभाई खो खो हसले.

"सिद्धराम, हे आभाळ हाय का मच्छरदाणी?"

"मग ताऱ्याला काय भाकरीएवढं भोक पाडताव?" सिद्धराम चिडला. "भोक एकाच मापाचं पडतंय की."

ते खरंच होतं. त्या संध्याकाळी हाशमभाई बारावीतल्या लेकीला, इफ्राला, घेऊन गच्चीवर गेले. फेब्रुवारीचं आभाळ स्वच्छ होतं.

"काही तारे इतके का चमकतात गं? जवळ असतील म्हणून?"

"हौ, पण तेवढंच नाही अब्बा." तिनं बोट दाखवलं. "तो व्याध जवळचा आहे, म्हणून सगळ्यांत तेजस्वी दिसतो. मृगाच्या पायाशी तो राजन्य बघा. तो व्याधापेक्षा शंभरपट लांब आहे. तरी केवढा झळकतो, कारण मुळातच त्याचा उजेड अफाट. आपल्या जिन्यातला झिरोचा बल्ब आणि पार त्या मैदानातला हॅलोजन, असं समजा."

"म्हणजे अंधूक दिसणारा लहानच असेल, असं नाही?"

"नाही. लांब असेल फक्त."

हाशमभाई बराच वेळ वर पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांनी सिद्धरामला सगळं सांगितलं, झिरोच्या बल्बासकट. भोक मोठं करता येत नाही, पण शेजारीशेजारी पाडता येतं. व्याधाला नऊ, राजन्याला सात, कृत्तिकांना एकेकच. सिद्धरामची नक्षी बाजूला ठेवून त्यांनी अकरा दिवस खपून पुठ्ठे पाडले. शेवटच्याला काठाशी तीळ.

"तुझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींनाही दाखव," ते इफ्राला म्हणाले. "कोपऱ्यातला सगळ्यांत बारका तारा आपला."

कापड मागावर चढलं तेव्हा ते केम गावी भाचीच्या लग्नात होते. परतले ते थेट प्रदर्शनात, इफ्राला घेऊन. दालनात समोर आभाळ होतं, अगदी गच्चीवरचं. खाली पाटी: 'संकल्पना आणि रचना: सिद्धराम'. माईकसमोर सिद्धराम सांगत होता, "एका संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. मनात आलं, जिन्यातला झिरोचा बल्ब आणि लांबचा हॅलोजन..." लोक टाळ्या वाजवत होते.

इफ्रा त्यांच्याकडं बघायला लागली. पण हाशमभाईंची नजर काठावर होती. ते वाकले, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाकले.

"अब्बा, आपला तारा कुठाय?"



दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी मागावरून पुठ्ठ्यांची ओवलेली माळ उतरवली, शेवटचा पुठ्ठा दाराशी नेला आणि उजेडासमोर धरला. त्यावरचे सगळे तारे उजळले. काठाशी मात्र कागदाची टिकली होती, नीट गोल कापलेली. सिद्धराम नक्षीच्या कागदाच्याच टिकल्या कापायचा. हिच्यावरही त्या कागदाच्या निळ्या रेघा होत्या.

सिद्धराम मागं येऊन उभा होता.

"गिऱ्हाईक खोट काढंल म्हणून बुजवलो, हाशमभाई. कोपऱ्यातला एवढासा ठिपका. कुणाला दिसतंय त्ये?"

"दिसत नव्हता, तर बुजवलास कशाला?"

हाशमभाईंनी नखानं टिकलीची कड उचलली, मग तशीच सोडली. ती काढून आता काय होणार होतं? कापड विणून झालं होतं. त्यांनी पुठ्ठा माळेत परत लावला, दोघांच्या डब्यातले आपले दोन कप्पे वेगळे करून पिशवीत घातले आणि चपला चढवल्या. पुढं ते शेजारच्या गल्लीतल्या कारखान्यात लागले. इथं परत आले नाहीत.

त्या दिवशी निघताना दारात मात्र ते क्षणभर थांबले. टेबलावर सुटे पुठ्ठे फडफडत होते.

"पंखा बारीक कर रे," ते सिद्धरामला म्हणाले, "पुठ्ठे उडतील."