ब्वानाहेरी फुंदीचं ठिगळ

मोम्बासाच्या बाजूच्या किजिवेनीच्या किनाऱ्यावर ब्वानाहेरीला नावानं हाक मारणारी माणसं आता दोन-तीनच उरली होती. बाकी सगळ्यांचा तो फुंदी. तसे गावात कारागीर पुष्कळ होते, सायकलीचा फुंदी, शिलाईचा फुंदी, पण नुसतं ‘फुंदी’ म्हटलं की माणसं होड्या बांधणाऱ्या या म्हाताऱ्याकडेच बोट दाखवत. वय अडुसष्ट, अंगानं काटक, आणि अंगाला मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, तेलाचा वास इतका मुरलेला की तो वाऱ्याच्या दिशेला बसला तर मशिदीत शेजारची जागा रिकामीच राहायची. त्याच्या हातच्या बावीस होड्या पेम्बा बेटापर्यंत जाऊन आल्या होत्या. हे त्याला माहीत होतं, आणि दुसऱ्यालाही माहीत राहावं याची तो काळजी घ्यायचा.

“माझ्या बापानं मला मोजपट्टी दिली नाही, डोळे दिले,” असं तो काळ्या कॉफीच्या घोटागणिक सांगायचा. कुणी विचारलेलं नसायचं.

पण लाकूड महागलं, झाड तोडायला परवाने लागायला लागले, आणि किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दिसू लागल्या. शिमोनीचा रुवा नावाचा तिशीतला तरुण त्यांची कामं शिकून आला होता. फुंदीनं त्या होड्यांना एकच नाव ठेवलं होतं, बादली. “बादलीला कसला आलाय फुंदी? बादली फुटली की नवी घ्यायची,” असं म्हणून तो हसायचा, आणि हसण्यात थोडी भीतीही असायची. दोन वर्षांत त्याच्याकडे एकसुद्धा नवी होडी आली नव्हती.

अशात शेवाळवाल्या बायकांनी एक जुनी फायबरची होडी घेतली. ओहोटीला उथळ पाण्यात खुंट्या ठोकून, दोऱ्या बांधून समुद्री शेवाळ पिकवणाऱ्या या बत्तीस बायका. ओल्या शेवाळाची पोती डोक्यावर आणून त्यांच्या माना मोडायची वेळ आली होती. त्यांची प्रमुख मेजुमा, पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. तिनंच एका हॉटेलची पंधरा वर्षं वापरलेली होडी हेरली. रंग उडालेला, काठ सोललेले, पण सांगाडा दणकट. दोनच दुखणी होती. मागच्या बाजूला केसासारख्या बारीक, वरवरच्या चिरा, आणि तळाला, प्रवाळावर घासून घासून, वीतभर लांबीची भेग.

ती फुंदीकडे आली.

“रुवा म्हणतो होडी शिमोनीला आणा, महिना लागेल. आणि तुम्ही गावात असताना आम्ही बाहेर कशाला जायचं?”

फुंदीची छाती फुगली. “बादलीच तर आहे. आठ दिवसांत देतो.”

“रेझिन, कापड, हार्डनर, सगळं मी मोम्बासाहून आणते. रुवानं एवढंच सांगितलंय, आधी घासायचं, मग थिनरनं पुसायचं, आणि पुसल्यावर तिथं हातसुद्धा लावायचा नाही.”

“मला शिकवतेस, पोरी? तुझ्या बापाची होडी कुणी बांधली होती?”

बापाची होडी यानंच बांधली होती आणि ती अजून तरंगत होती. मेजुमा मोम्बासाला जाऊन सामान घेऊन आली.

होडी माडाच्या ओंडक्यांवर पालथी घातली. आता इथं काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यातूनच निघालं. होडी जमिनीवर आली, उन्हात पडली, की लाकूड सुकतं, फाटतं. म्हणून आपल्याकडचा कुठलाही फुंदी पहिल्यांदा काय करतो? मुशीचं तेल चोळतो. तहानलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं तसं. फुंदीच्या हातांनी पन्नास वर्षं हेच केलं होतं. त्यांनी डोक्याला न विचारता फडकं तेलात बुडवलं आणि होडीचा तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळून काढला. जित्याची खोड ती.

चोळून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की तेल आत जातच नाहीये. वर तसंच चकाकत उभं आहे, ओघळतंय. तो स्वतःशीच हसला. “अरे, ही तर बादली!” म्हणाला, आणि त्याच फडक्यानं तेल पुसून टाकलं. मग भेगेभोवती घासलं. थिनरचा डबा उघडलाच नाही, त्याच्या वासानं डोकं दुखतं म्हणून. चिकट रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर मिसळून कापडाचे चार थर बसवले. ऊन खाऊन ठिगळ दगडासारखं झालं. त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केलं, आवाज खणखणीत आला. होडी पाण्यात ढकलली तेव्हा बायकांनी जीभ हलवत आनंदाच्या हुलहुल्या दिल्या, त्याला नारळाच्या दुधातला मासा आणि भात घरपोच आला. रुवाला निरोप गेला की आमच्या फुंदीनं आठ नाही, सहा दिवसांत केलं.

तिसऱ्या आठवड्यात, मोठ्या उधाणाच्या ओहोटीला, बायका पोत्यांनी भरलेली होडी घेऊन परतत होत्या. मध्यावर तळातून पाणी आलं. बघता बघता गुडघाभर झालं. सगळी पोती समुद्रात गेली. पोहता न येणारी एक तरणी बाई गटांगळ्या खात होती, तिला दोघींनी केसांना धरून वर काढलं. जीव कुणाचा गेला नाही. दोन महिन्यांचं पीक मात्र गेलं.

रिकामी होडी ओढून वाळूवर आणली तेव्हा फुंदी सगळ्यांच्या आधी तिच्याखाली शिरला. ठिगळ एका कडेला लोंबत होतं. त्यानं ओढलं, ते अलगद हातात आलं. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत, कुठे काही चिकटल्याची खूणच नाही. त्यानं ते नाकाशी नेलं. मुशीचं तेल.

“घरी नेऊन नीट बघतो,” असं बायकांना सांगून त्यानं ते सदऱ्याखाली घातलं, घरी आणलं आणि चुलीत घातलं. काळा धूर निघाला. बायको खोकत बाहेर आली, “काय जाळतोयस, म्हाताऱ्या? विष घालतोस का आम्हाला?” म्हणून ओरडली. त्यानं ठिगळ चिमट्यानं आणखी आत सारलं.

बैठक दुसऱ्या दिवशी भरली. म्वानाकोंबो नावाची बाई, आवाज असा की ओहोटीला बोलली तर भरतीला ऐकू यावा, ती उभी राहिली. “फुंदीचे हात आपण ओळखतो. मग चुकलं काय? डबा! डबा कुणी आणला? मेजुमानं. स्वस्त बघून जुना डबा उचलला असणार. फुंदी, तुम्हीच सांगा, रेझिन कसं होतं?”

मेजुमानं त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत भीती नव्हती, हे त्याला पुढे फार छळणार होतं. तिला वाटत होतं, फुंदी खरं ते सांगेल.

“मला जरा... पाण्यासारखंच वाटलं,” फुंदी म्हणाला.

एवढंच. पण तेवढं पुरलं. मेजुमाचं प्रमुखपद म्वानाकोंबोकडे गेलं. मेजुमाच्या वाट्याला सगळ्यात लांबच्या, खोल पाण्यातल्या दोऱ्या आल्या, आणि नावही मिळालं, पाणीवाली. विहिरीवर, दुकानात, लग्नाच्या पंगतीत. “सरक गं पाणीवाली, कालवणात पडशील, पातळ होईल!” बायका हसायच्या. ते नाव फुंदीच्याच शब्दातून निघालं होतं, आणि ते ऐकलं की त्याला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. कॉफीच्या कट्ट्यावर तो बापाच्या डोळ्यांबद्दल बोलेनासा झाला. मेजुमा समोरून आली की त्याला एकदम चपलेचा पट्टा नीट करायचा असायचा. लोक म्हणाले, बिचारा फुंदी, बाईच्या चुकीनं त्याचं नाव खराब झालं, मनाला लावून घेतलं. ते ऐकून तर त्याला आणखी मेल्यासारखं व्हायचं.

सहा आठवडे गेले. एके दुपारी मेजुमा अंगणात उभी राहिली. हातात रेझिनचा नवा डबा, काखेत कापडाची गुंडाळी.

“माझ्या कानातलं विकून आणलंय,” ती म्हणाली. “मागच्या वेळी मला ओळखता आलं नाही. या वेळी डबा उघडायच्या आधी तुम्हाला दाखवते. चांगलं रेझिन कसं ओळखायचं तेवढं मला शिकवा फुंदी, म्हणजे पुन्हा फसणार नाही.”

फुंदीनं झाकण काढलं. काडी बुडवून वर धरली. मधासारखी धार लागली, अगदी पहिल्या डब्यासारखी.

“चांगलं आहे,” तो म्हणाला. आणि त्यानं झाकण परत घट्ट बसवलं.

“अल्लाची मेहरबानी,” मेजुमा म्हणाली आणि डबा त्याच्याच ओसरीवर ठेवून गेली. विश्वासानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन शेवाळ वाळत घालायच्या माचांकडे गेला. सगळ्या बायका तिथंच होत्या. मेजुमा टोकाला, एकटीच शेवाळ पसरत होती.

“ऐका,” फुंदी म्हणाला. आवाज चिरका आला. “रेझिन चांगलं होतं. मी आधी तेल लावलं होतं होडीला. मुशीचं. म्हणून ठिगळ सुटलं. चूक माझी. आणि बैठकीत मी खोटं बोललो.”

मग म्वानाकोंबोनं छातीवर हात ठेवला.

“बघा गं बायांनो, याला म्हणतात मोठं मन! बाईमाणसाची अब्रू झाकायला म्हातारा स्वतःच्या डोक्यावर घेतोय.” ती मेजुमाकडे वळली. “बघ पाणीवाली, तुझ्यापायी फुंदीला खोटं बोलायची पाळी आली. लाज वाटू दे थोडी!”

“मी खरं सांगतोय!” फुंदी ओरडला.

“हो हो, बाबा. बसा. पाणी घ्या.”

आयुष्यभर कमावलेलं नाव असं आडवं आलं होतं की खरं बोलूनही खरं ठरत नव्हतं, आणि मार पुन्हा मेजुमालाच. ती त्याच्याकडे एकटक बघत होती.

“चला होडीकडे,” तो म्हणाला. “सगळ्याजणी.”

पालथ्या होडीच्या तळावर त्यानं हाताएवढ्या दोन जागा आखल्या. एकीवर मुशीचं तेल चोळलं, फडक्यानं पुसलं, वरवर घासलं. “असं केलं होतं मी,” म्हणाला. दुसरी नीट खरवडून घासली, थिनरनं पुसली. एकाच डब्यातलं रेझिन, एकच हार्डनर, एकाच कापडाचे दोन तुकडे. दोन्ही बसवले आणि तो बाजूला झाला.

मग वाट बघणं आलं. ऊन तापत होतं. बत्तीस बायका वाळूत बसून दोन ठिगळांकडे आणि एका म्हाताऱ्याकडे बघत होत्या. बसायला कुणीतरी सावली देऊ केली, पण तो उन्हातच उभा राहिला. आपलं नाव आपल्याच हातानं मोडायला ठेवून ते वाळायची वाट बघत उभं राहणं काय असतं, ते त्यालाच ठाऊक. त्याला वाटत होतं, रेझिन कधीच वाळू नये.

तासाभरानं त्यानं म्वानाकोंबोच्या हातात पटाशी दिली. “काढा.”

स्वच्छ जागेवरच्या ठिगळाला तिनं टोक लावलं, जोर केला, दात खाल्ले. कोपराही हलला नाही. मग दुसऱ्याला लावलं. ते फणसाच्या गऱ्यासारखं सुटून तिच्या हातात आलं. तिनं उलटून बघितलं, हुंगलं, आणि तिचा तो भरती-ओहोटीचा आवाज पहिल्यांदा बसला.

“पहिलंही असंच होतं,” फुंदी वाळूकडे बघत म्हणाला. “मी ते चुलीत जाळलं.”

मेजुमा पुढे आली.

“रेझिन पाण्यासारखं होतं म्हणालात.”

“हो.”

“होतं?”

“नव्हतं. चांगलं होतं.”

“मोठ्यानं म्हणा.”

तो मोठ्यानं म्हणाला. मागे बसलेल्यांनाही ऐकू गेलं.

“तीन उधाणं मी शेवटच्या दोऱ्यांवर उभी होते,” मेजुमा म्हणाली आणि हात गळ्याशी नेला. “पाणी इथपर्यंत. तुम्ही किनाऱ्यावरून बघायचात. मला दिसायचं.”

माफी मागायला फुंदीनं तोंड उघडलं, पण तिनं घासकागद उचलून त्याच्यासमोर धरला.

“भेग अजून तशीच आहे. घासा. मी इथं बसते.”

त्यानं घासलं. तेल लागलेला भाग खरवडून काढला, पार तळातला पांढरा फायबर दिसेपर्यंत. खांदे भरून आले. बायका घरी जातील असं त्याला वाटलं होतं, पण एकही उठली नाही. शेवटी त्यानं फडकं थिनरमध्ये भिजवलं, आणि हात तसाच हवेत थांबला.

“आता पुसू का?” त्यानं विचारलं.

कामातली गोष्ट फुंदी कुणाला विचारतो हे किजिवेनीनं कधी ऐकलं नव्हतं. मेजुमानं त्याचं मनगट धरलं, हात आपल्या नाकाशी नेला, मुशीच्या तेलाचा वास घेतला आणि सोडून दिला.

“आधी हात धुऊन या. साबणानं.”

आणि बत्तीस बायकांच्या देखत ब्वानाहेरी हात अंगापासून लांब धरून विहिरीकडे निघाला.