पोखऱ्याच्या गच्चीवर अक्का

ब्याण्णव सालची गोष्ट. सप्टेंबरमधला रविवार होता, मी जळगावहून धुळ्याला अक्काकडे गेले होते. दारात चपला काढत होते तोच ती म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जायचंय. येतेस?"

अक्का म्हणजे माझी आत्या. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. दिल्लीतल्या दूतावासांना पत्रं टाकून रंगीत माहितीपत्रकं मागवायची... जपान, स्वित्झर्लंड, श्रीलंका. वर्गात मुलींना दाखवून झाली की कपाटात जपून ठेवायची.

ओळखीतलं कुणीही परदेशी निघालं की आधी तिच्याकडे यायचं. एकदा भाजीवाल्या मावशी मुलाला घेऊन आल्या. "अक्का, मना पोऱ्या मस्कतले जाई राहिना, त्याले बठ्ठं सांगी द्या."

अक्कानं त्याला तासभर समोर बसवलं. पासपोर्टची एक झेरॉक्स बॅगेत, एक आईजवळ. पैसे कधीच एका खिशात नाहीत. बॅगेवर नाव बाहेरून आणि आतूनही... आणि पोचल्या दिवशी पत्र, "पोचलो" एवढंच लिहिलं तरी चालेल.

ती स्वतः मात्र कुठेच गेली नव्हती. आजी अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं अक्काच करायची. लग्नही त्यातच राहून गेलं. त्या उन्हाळ्यात आजी गेली, आणि सप्टेंबरात अक्का हे म्हणाली.

मी विचारलं, नेपाळच का? तुला तर स्वित्झर्लंड बघायचं होतं ना? "नेपाळला पासपोर्ट लागत नाही. बाकीच्या देशांचे कागद गोळा करायला वेळ नाही गं माझ्याकडे." मला वाटलं, शाळेच्या कामाबद्दल बोलतेय.

सामानाची यादी तिनं सांगितली, मी लिहून घेतली. स्वेटर, हातमोजे, टॉर्च, घाटात पोटात मळमळलं तर आवळासुपारी, सुट्ट्या नोटा, ओळख पटवणारा सरकारी कागद... "तूच लिही, तुझं अक्षर चांगलंय," म्हणाली. शाळेतल्या बाईनं माझ्या अक्षराचं कौतुक केलं म्हणून मी खूश!

भुसावळहून गोरखपूरची गाडी, तिथून बसनं सुनौली. सीमेवरच्या कमानीखालून आम्ही चालत पलीकडे गेलो. अक्का थांबली. "झाला परदेश?" हो म्हटल्यावर मनगट पुढे केलं, "मग घड्याळ पंधरा मिनिटं पुढे कर. इथली वेळ वेगळी."

लुंबिनीला तळ्याच्या पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड घट्ट धरला होता. पाण्यात हात घालून कितीतरी वेळ बसून राहिली. मला वाटलं गुडघे दुखत असतील... आणि मन भरून आलं असेल.

पोखऱ्यात 'माशाची शेपटी' म्हणतात तो बर्फाचा डोंगर बघायचा होता, पण दोन दिवस नुसते ढग. तिसऱ्या दिवशी पहाटे हॉटेलच्या मालकीणबाईंनी दार वाजवलं, आभाळ उघडलंय म्हणाल्या. आम्ही शाली गुंडाळून गच्चीवर गेलो.

मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. समोर एवढा मोठा डोंगर, आणि त्याच्या टोकाला नुकतं ऊन लागलेलं. शेजारचं बंगाली कुटुंब तर ओरडायलाच लागलं. मी म्हटलं, "अक्का, बघ!"

अक्कानं हात जोडले. "किती सुंदर गं..."

ती हॉटेलमागच्या तळ्याकडे तोंड करून उभी होती. डोंगर तिच्या पाठीमागे होता.

मी तिचे खांदे धरून तिला वळवलं. "हो, हो, दिसला," म्हणाली... पण नजर कुठेच ठरत नव्हती.

"अक्का, तुला किती दिसतं?"

ती हळू आवाजात म्हणाली, "आधी कडेचं गेलं. आता मधलंही धुरकट झालंय. काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही, म्हणाले डॉक्टर."

"कधीपासून?"

"आई होती तेव्हापासून. दवाखान्यात जायला तिला कुणाजवळ सोडणार होते? गेले तोवर उशीर झाला होता. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर इथे येऊ दिलं नसतं कुणी."

मला रडूच फुटलं. जळगाव ते धुळे, बसनं अडीच-तीन तास. आम्ही सगळे रविवारी यायचो, तिच्या हातच्या कळण्याच्या भाकरी खायचो, आजीच्या पाया पडायचो आणि संध्याकाळच्या बसनं परत. एकानंही कधी म्हटलं नाही, आज मी थांबते, तू जाऊन ये.

"रडू नंतर," अक्का म्हणाली. "ऊन पुढे सरकेल. मला सांग."

मी डोळे पुसून सुरुवात केली, "पांढराशुभ्र..." तिनं थांबवलं. "या वेळी पांढरा नसतो. नीट बघून सांग."

मी बघितलं. गुलाबी होता, पेरूच्या आतल्या गरासारखा. खाली निळसर सावली. एकच टोक, अगदी सरळ वर गेलेलं... "पण माशाची शेपटी म्हणतात ना याला? ती कुठे आहे?"

अक्का हसली. "ती इथून नाही दिसत. पश्चिमेकडून गेलं की दोन टोकं दिसतात." ऊन पिवळं होईपर्यंत मी सांगत होते आणि ती मान हलवत होती.

पुढच्या वर्षी तिनं शाळा सोडली आणि मी तिला जळगावला आणलं. दर दोन महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे. त्याचा आता उपयोग नाही हे दोघींनाही ठाऊक होतं, तरी जायचो... शेवटपर्यंत जात राहिलो.

तिनं मला एका शब्दानंही कधी दोष दिला नाही. तिचे हे उपकार मी विसरणार नाही.